रुग्णाला घरी आणताना: नाशिकमध्ये घरच्या घरी उपचार आणि पुनर्वसन कसं उभं करायचं

‘उद्या सुट्टी देतो, बाकीचं घरी होईल,’ असं डॉक्टर राउंडला म्हणतात, तेव्हा आधी हायसं वाटतं आणि तासाभराने पोटात गोळा येतो. आमच्या अण्णांना उजव्या बाजूचा अर्धांगवायू झाला. एकोणीस दिवसांनी सुट्टी मिळाली तेव्हा नाकात नळी होती, लघवीची नळी होती, उजवा हात लोंबकळत होता आणि वाचा गेलेली होती. ‘बाकीचं’ म्हणजे नेमकं काय, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

इंदिरानगरच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुढचे दहा महिने जे शिकलो ते इथे क्रमाने लिहिते आहे. अर्धांगवायू, खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन, डोक्याला मार, दीर्घ आजारानंतरची अशक्तता, कारण कुठलंही असो, मांडणी साधारण हीच लागते. सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. घरी दोन वेगळी कामं असतात. एक कौशल्याचं: नळी बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग, सक्शन (साठलेला कफ यंत्राने ओढून काढणं), व्यायामाची आखणी. दुसरं सांभाळण्याचं: अंग पुसणं, कूस बदलणं, डायपर, भरवणं, सोबत. पहिल्या कामाला शिकलेला, नोंदणी असलेला माणूस हवा. दुसरं मायेचा कोणीही माणूस करू शकतो, पण त्याला ते शिकवावं लागतं. या दोन कामांची गल्लत झाली की पैसेही जातात आणि रुग्णालाही त्रास होतो. आमच्याकडे दोन्ही झालं.

सुट्टीच्या आधीचे दोन दिवस

हे दोन दिवस बिलाच्या खिडकीपाशी घालवू नका. बिलाला भावाला किंवा मेव्हण्याला उभं करा आणि जो माणूस घरी प्रत्यक्ष सेवा करणार आहे त्याने वॉर्डात थांबावं. सिस्टरला सांगा, ‘ताई, आज फीड मी देते, तुम्ही बघा.’ कूस बदलणं, नळीतून अन्न देणं, लघवीची पिशवी रिकामी करणं आणि इन्सुलिन असेल तर ते टोचणं ही कामं त्यांच्या नजरेखाली किमान दोन-तीनदा स्वतःच्या हाताने झाली पाहिजेत. नुसतं बघून येतंय असं वाटतं, पण घरी रात्री दोन वाजता हात थरथरतात. परवानगी घेऊन मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच बसून वाचा. औषधांपुढे वेळ आणि जेवणाआधी की नंतर हे लिहिलेलं आहे का? कोणतं औषध किती दिवसांनी बंद करायचं? नाकातली नळी आणि लघवीची नळी कोणत्या तारखेला टाकली आणि कधी बदलायची? दिवसाला किती मिली फीड, किती पाणी? फिजिओथेरपीची शिफारस स्वतंत्र लिहिली आहे का? ही शिफारस पुढे विम्याच्या दाव्यालाही लागते. ऑक्सिजनची पातळी किती असली तर ठीक आणि किती खाली गेली की फोन करायचा, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. सीओपीडी या फुप्फुसाच्या जुन्या आजाराच्या काही रुग्णांत डॉक्टर ८८ ते ९२ टक्क्यांवरच ठेवायला सांगतात. तिथे शेजाऱ्याच्या सल्ल्याने ऑक्सिजन वाढवणं घातक ठरतं.

औषधांचा कागद घेऊन गोळे कॉलनीत, म्हणजे नाशिकच्या औषधबाजारात, जाणार असाल तर महिन्याभराचं एकदम उचलू नका. पहिल्या आठवड्यात डोस हमखास बदलतात. नळीतून गोळ्या कुटून द्यायच्या असतील तर प्रत्येक गोळीबद्दल फार्मसिस्टला विचारा. हळूहळू विरघळणाऱ्या आणि आतड्यात विरघळण्यासाठी आवरण दिलेल्या गोळ्या कुटायच्या नसतात.

कोणाला बोलवायचं

नाशिकमध्ये कोणाला विचारलं तरी पहिला शब्द येतो तो ‘ब्युरो’. ब्युरोवाले १२ तासांची किंवा २४ तासांची माणसं देतात. आम्ही ‘नर्स पाहिजे’ असं सांगितलं. आलेली मुलगी गोड होती, कष्टाळू होती, पण तिसऱ्या दिवशी कळलं की तिने नर्सिंगचं शिक्षण घेतलेलंच नाही. दर मात्र नर्सचा लावला होता. चूक तिची नव्हती. नर्स म्हणजे काय हे आम्हीच विचारलं नव्हतं.

म्हणून फोनवरच विचारा: एएनएम, जीएनएम की बीएस्सी? हे अनुक्रमे दोन, तीन आणि चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि तिन्हींना महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. नोंदणीचा कागद आणि आधार कार्ड बघा. काही महिन्यांचा कोर्स केलेली ‘केअरटेकर’ किंवा ‘अटेंडंट’ सांभाळण्याच्या कामाला उत्तम, पण शिरेतून औषध देणं किंवा लघवीची नळी टाकणं हे तिचं काम नाही. तिच्यावर ते ढकलूही नका.

बहुतेक घरांत चोवीस तास नर्स लागतच नाही. आमचं गणित शेवटी असं बसलं: दिवसा १२ तास एक मावशी, आठवड्यातून दोनदा जीएनएम सिस्टर तासाभरासाठी, फिजिओ आठवड्यातून सहा दिवस आणि महिन्यातून एकदा फॅमिली डॉक्टर घरी. रात्र आम्ही भावंडांनी वाटून घेतली. श्वासासाठी गळ्यात छिद्र करून नळी घातलेली असेल, वारंवार सक्शन लागत असेल, शिरेतून प्रतिजैविकं चालू असतील, तर मात्र प्रशिक्षित नर्स पाळीवर हवीच. आणि घरी द्यायच्या इंजेक्शनचा पहिला डोस दवाखान्यातच होऊ द्या. औषधाची ॲलर्जी उठली तर ती तिथे सावरता येते.

फिजिओथेरपिस्ट निवडताना बीपीटीएच पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी बघा. मालिश करणारा आणि फिजिओ यांत फरक आहे. मेंदूच्या आजारात न्यूरोचा अनुभव असलेलाच शोधा. शहरात मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक समाज संस्थेचं) फिजिओथेरपी कॉलेज आहे, त्यामुळे या क्षेत्रातली शिकलेली मुलं-मुली इथे मिळतात. जिल्हा रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागातही एकदा तपासून घेता येतं. रोजचा दर परवडत नसेल तर आठवड्यातून दोनदा बोलवा आणि मधल्या दिवसांचा व्यायाम त्यांच्याकडून लिहून घेऊन स्वतः करून घ्या. हे चालतं.

ब्युरोशी बोलताना दर, सुट्ट्या, जेवण कोणाचं, माणूस आला नाही तर बदली किती तासांत, आगाऊ रक्कम परत कशी, हे सगळं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. आणि मावशींना बसायला खुर्ची, वेळेवर चहा-जेवण, दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा द्या. त्यांचं शरीर दिवसभर आपल्या माणसाचं वजन उचलतं.

घर

खोली निवडताना संडास-बाथरूमजवळची निवडा, उजेडाची निवडा आणि पलंगाच्या दोन्ही बाजूंनी माणूस उभा राहील एवढी जागा सोडा. डोकं वर करता येणारा फाउलर बेड, एअर बेड (अंगावरचा दाब कमी करणारी हवेची गादी), व्हीलचेअर, कमोड चेअर, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) हे सगळं भाड्याने मिळतं. महिन्या-दोन महिन्यांची गरज असेल तर विकत घेऊ नका.

रुग्णवाहिका ठरवण्याआधी स्ट्रेचर घरापर्यंत कसं येणार ते बघा. आमच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं नाही. खाली अर्धा तास गोंधळ झाल्यावर व्हीलचेअरवर बसवून वर नेलं. जुन्या नाशकात, भद्रकाली-दहीपुलाच्या बोळांत गाडी दारापर्यंत येत नाही. तिथे उचलायला चार माणसं आधीच सांगून ठेवा. पंचवटीत राहत असाल तर सिंहस्थाच्या पर्वणीच्या दिवसांत रस्ते बंद असतात हे धरून औषधं, ऑक्सिजन आणि फिजिओची सोय आधी लावा.

कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर शेजारी हवाच. आपल्या मोबाइलचा नंबर महावितरणकडे नोंदवलेला असेल तर आधी ठरलेल्या वीजबंदीचा मेसेज येतो. ज्या खोलीत ऑक्सिजन चालू आहे तिथे समई, उदबत्ती, कापूर काही नाही. देवघर त्या खोलीत असेल तर दिवा दुसऱ्या खोलीत लावा.

बाथरूममध्ये भिंतीत घट्ट बसवलेला दांडा, न घसरणारी मॅट आणि बसून अंघोळीला प्लॅस्टिकची भक्कम खुर्ची. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भारतीय बैठकीचा संडास, जमिनीवरची पंगत, खाली बसून पूजा हे डॉक्टर सांगतील तोवर बंद. कमोडही बुटका असेल तर वर ठेवायची सीट मिळते.

कूस, टाच आणि एअर बेड

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण इथेच आम्ही चुकलो.

आठव्या दिवशी अण्णांचे पाय पुसताना उजव्या टाचेवर जांभळट डाग दिसला, साधारण रुपयाएवढा. एअर बेड होता, पाठ रोज बघत होतो, पण टाच कोणी पाहिलीच नव्हती. त्या बाजूला संवेदना नसल्याने त्यांना दुखत नव्हतं, आणि दुखलं असतं तरी सांगता आलं नसतं. सिस्टरने बोटाने दाबून पाहिलं. रंग फिका झाला नाही. म्हणजे आतला रक्तपुरवठा बिघडायला सुरुवात झाली होती. टाच पूर्ण अधांतरी ठेवून ती भरून यायला पाच आठवडे लागले.

तेव्हापासूनचे आमचे नियम असे. दर दोन तासांनी कूस. डावी, पाठ, उजवी, आणि भिंतीवर तक्ता. पूर्ण कुशीवर न वळवता पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्याच्या हाडावर थेट भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा हवेत. गुडघ्यांमध्ये उशी. रोज सकाळी उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खवाटे आणि डोक्याची मागची बाजू बघायची. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून हात फिरवून बघा. आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा काळसर भाग लागला तर सावध व्हा. अशा जागेला चोळू नका, स्पिरिट लावू नका, रबरी रिंग घालू नका. या तिन्हींनी नुकसान वाढतं.

आणि एअर बेडवर गोधडी नको. आपल्याकडे ‘टोचत असेल’ म्हणून प्रेमाने जाड गोधडी अंथरतात आणि त्या बेडचा सगळा उपयोग संपतो. वर एकच पातळ सुती चादर, सुरकुती न पडता.

कूस बदलायला आणि वर सरकवायला आडवी चादर वापरायची. चादर दुमडून खांद्यापासून मांड्यांपर्यंत पाठीखाली घालतात. दोघं दोन बाजूंना उभे राहतात, चादरीची कड रुग्णाच्या अंगालगत मुठीत घट्ट गुंडाळतात, ‘एक, दोन, तीन’ म्हणतात आणि उचलून सरकवतात. ओढायचं नाही. ओढल्याने कातडी घासून सोलते. आपले गुडघे वाकवा, कंबर नाही. माझी कंबर याच्यातच धरली होती.

थंडीच्या दिवसांत एक भीती वेगळी. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा चांगलाच उतरतो आणि कोणीतरी गार पडलेल्या पायाशी शेकपिशवी ठेवतं. लुळ्या बाजूला चटका कळत नाही आणि मोठा भाजल्याचा फोड येतो. पायमोजे घाला, रजई घाला, शेक नको.

नळ्या आणि पहिला घास

नाकातून नळी असेल तर नाकपुडीपाशी नळीवर मार्करने खूण करून ठेवा. प्रत्येक फीडआधी खूण जागेवर आहे का ते बघा. सरकली असेल तर फीड थांबवून सिस्टरला बोलवा. नळीत हवा ढकलून पोटावर कान लावून खात्री करायची पद्धत भरवशाची नाही. डोकं किमान ३० ते ४५ अंश वर, फीड कोमट आणि गाळलेलं, सिरिंजचा दट्ट्या न दाबता आपोआप उतरू द्यायचं. आधी आणि नंतर थोडं पाणी. त्यानंतर अर्धा ते एक तास बसतंच ठेवायचं. मध्येच खोकला, धाप किंवा ओठ निळे दिसले तर तत्काळ बंद. नळी निघून आली तर घरी परत घालायचा प्रयत्न करू नका.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. खुर्चीत बसवताना लोक ती मांडीवर ठेवतात आणि साठलेली लघवी उलटी आत जाते. लघवी गढूळ, उग्र वासाची आणि सोबत ताप, थंडी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

भेटायला येणाऱ्यांबद्दल कठोर व्हावं लागतं. एका संध्याकाळी नात्यातल्या एक आजी रामकुंडावरून आल्या, डोळ्यांत पाणी, हातात तीर्थाची बाटली. मी स्वयंपाकघरात होते. त्यांनी आडव्या असलेल्या अण्णांच्या तोंडात चमचाभर तीर्थ घातलं. अण्णांचा चेहरा लालबुंद झाला, घशातून घुर्रघुर्र आवाज आला, डोळे पांढरे झाले. मावशींनी झटकन बसवून पुढे वाकवलं म्हणून निभावलं. अर्धांगवायूत गिळण्याचे स्नायू बिघडतात आणि पातळ पाणी तर सगळ्यात आधी श्वासनलिकेत जातं. कधी ठसकाही न लागता जातं आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. तेव्हापासून दारातच सांगायचो: तीर्थ कपाळाला लावा, तोंडात काही घालू नका.

तोंडाने कधी सुरू करायचं हे स्पीच थेरपिस्ट किंवा डॉक्टर गिळण्याची तपासणी करून ठरवतात. सुरुवात बहुधा दाटसर पदार्थांनी होते. पाठ सरळ, हनुवटी किंचित छातीकडे, चमचा लहान, चांगल्या बाजूने, आणि एक घास गिळल्याशिवाय दुसरा नाही. टीव्ही बंद. नळी असली तरी दात आणि जीभ रोज दोनदा स्वच्छ करा. घाणेरड्या तोंडातली लाळ फुप्फुसात गेली तरी न्यूमोनिया होतो.

फिजिओ गेल्यानंतरचे तास

फिजिओ पाऊण तास येतो. उरलेले सव्वातेवीस तास आपले. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून ‘जरा ताकद येऊ दे, मग व्यायाम’ असं म्हणून थांबू नका. तीन महिन्यांनंतरही सुधारणा होत राहते, वेग कमी होतो एवढंच.

पहिला धडा: लुळा हात धरून कधीही उठवू नका. खांद्याचे स्नायू सैल असल्याने सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने दुखत राहतो. झोपताना आणि बसताना त्या हाताखाली उशी.

पलंगावरून खुर्चीत नेताना खुर्ची चांगल्या बाजूला लावा, चाकांचे ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. रुग्णाला काठावर आणून दोन्ही तळवे जमिनीवर टेकवा, मिनिटभर बसू द्या, चक्कर येत नाही ना ते बघा. मग त्यांना पुढे झुकायला सांगा, इतकं की नाक पावलांच्या पुढे येईल. तेव्हाच बूड आपोआप उचललं जातं. तुम्ही कमरेच्या पट्ट्याला धरा, काखेत हात घालू नका.

फिजिओकडे ‘बरे कधी होतील’ याऐवजी पुढच्या पंधरा दिवसांचं उद्दिष्ट मागा: स्वतः कूस बदलणं, काठावर आधाराविना पाच मिनिटं बसणं, उभं राहणं, मग संडासापर्यंत. आम्ही ते कॅलेंडरवर लिहायचो. मेंदू खऱ्याखुऱ्या कामाच्या पुनरावृत्तीतून शिकतो. म्हणून अण्णांसमोर रोज परातीत मटार ठेवायचो. डाव्या हाताने सोलायचे, उजव्याने नुसतं परात धरून ठेवायची. तीन आठवडे उजवा हात फक्त वजनासारखा परातीवर पडून होता. मग एक दिवस परात सरकली आणि त्यांच्या बोटांनी कड पकडली. आई ओट्यापाशी होती, तिच्या हातातून झारा पडला.

वाचा गेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलू नका, हळू बोला. होय-नाहीत उत्तर देता येतील असे प्रश्न विचारा. शब्द सुचत नसला तरी पाठ असलेलं पुष्कळदा बाहेर येतं: एक ते दहा अंक, वार, आरतीच्या ओळी. अण्णांचा पहिला स्पष्ट शब्द आरतीतच उमटला, साधं ‘पाणी’ म्हणता येण्याच्या महिनाभर आधी. स्पीच थेरपिस्टने त्याचाच धागा धरला.

अर्धांगवायूनंतर साधारण तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं. व्यायामाला नकार, रडू, जेवण नको, हा हट्टीपणा समजू नका. डॉक्टरांना सांगा, त्यावर औषधं आहेत. सेवा करणाऱ्यालाही ते गाठतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक मी स्वतः एका रात्री फिरवला आहे.

रात्री काही झालं तर

फ्रिजवर मोठ्या अक्षरांत चिकटवा: १०८, डॉक्टरांचा फोन, पूर्ण पत्ता आणि जवळची खूण, चालू औषधं, ॲलर्जी. चेहरा वाकडा, हात पडला, बोबडी वळली, तर नव्याने झटका समजून थेट सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यात. पेशंट शेवटचा ठीक कधी होता ती वेळ सांगा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. एकच पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप लागणं, गुंगी वाढणं, चार तासांत लघवीच्या पिशवीत काहीच न येणं, यातलं काहीही सकाळपर्यंत थांबवू नका.

पैसे आणि कागद

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड हे भरती झालेल्या उपचारांसाठी आहेत. घरच्या मावशींचा पगार त्यात बसत नाही. खासगी विमा असेल तर पॉलिसीत ‘डिस्चार्जनंतरचा खर्च’ किती दिवसांचा आहे ते बघा. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने झालेली फिजिओथेरपी त्यात पुष्कळदा मिळते, मात्र पक्की पावती हवी. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. वॉकर किंवा कमोड चेअरला उपयोगी पडतात. अपंगत्व राहणार असं दिसलं तर प्रकृती स्थिर झाल्यावर यूडीआयडी कार्डाचा (अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज ऑनलाइन करा. तपासणी जिल्हा रुग्णालयात होते.

वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि येणाऱ्या सिस्टरकडे किंवा दवाखान्यात द्या. डायपर कागदात गुंडाळून घंटागाडीत वेगळे द्या. मोकळ्या सुया ओल्या कचऱ्यात गेल्या की त्या गाडीवरच्या माणसाच्या हातात घुसतात.

कमी करत जाणं

दर महिन्याला बसून बघा की आता काय लागत नाही. नाकातली नळी निघाली की सिस्टरच्या फेऱ्या कमी होतात. स्वतः कूस बदलू लागले की एअर बेड परत. आमच्याकडे सहाव्या महिन्यात फाउलर बेड गेला, आठव्यात मावशी अर्धा दिवस झाल्या, आणि त्यानंतर अण्णांना रिक्षाने फिजिओच्या दवाखान्यात नेऊ लागलो, कारण बाहेर पडणं हाही व्यायामच होता. भाड्याच्या वस्तू परत करताना फोटो काढा आणि डिपॉझिटची पावती दाखवून पैसे त्याच दिवशी घ्या. व्हीलचेअर मात्र आम्ही अजून ठेवली आहे. लांबच्या लग्नकार्याला लागते.